डाव्या पायाचा कागद

मित्रांनो, मला ना हात ना पाय, तरी माझे सगळे आयुष्य लोकांच्या पायांची मापे गोळा करण्यात गेले. मी कोल्हापुरातल्या एका चपलांच्या दुकानाची वेबसाईट आहे. वय वर्षे सहा. तुम्हाला हे वय कोवळे वाटेल, पण आमच्यात एवढ्यात केस पिकतात. माझी चित्रे आता सावकाश उघडतात आणि मोबाईल आडवा धरला की माझी अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढतात.

माझा जन्म सुभाषनगरात, सयाजी आबांच्या दुकानाच्या माळ्यावर झाला. आबा चाळीस वर्षे हाताने चपला शिवत आले आहेत. लॉकडाऊनमध्ये दुकानात गिऱ्हाईक येणे बंद झाले, तेव्हा कॉम्प्युटर शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने, रूपालीने, मला घडवले. खाली आबा कातडे ठोकत असत आणि वर ती कीबोर्ड बडवत असे. दोन्हींच्या आवाजात मी मोठी झाले.

माझे काम सोपे होते. गिऱ्हाइकाने कोऱ्या कागदावर उभे राहायचे, पायाभोवती पेन्सिल फिरवायची, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि माझ्याकडे पाठवायचा. रूपाली तो खऱ्या मापात छापून आबांना देई. आबा कागद हातात घेऊन म्हणत, "ह्यो माणूस टाच घासत चालतोय." मला फार मजा वाटे. एका रेघेवरून माणूस कळतो म्हणजे काय!

खरे सांगते, मी जन्मजात भोचक. "पावणं, कुठलं?" असे विचारल्याशिवाय आमच्याकडे चहा गळ्याखाली उतरत नाही, आणि मीही इथलीच. चप्पल हवी तर मी नाव, गाव, पत्ता, दोन मोबाईल नंबर, जन्मतारीख, नोकरी आणि घरात माणसे किती, एवढे सगळे विचारत असे. एक रकाना रिकामा ठेवला तरी पुढे जाऊ देत नसे. नुसते बघायला आलेल्यांनाही मी सोडत नव्हते. त्यांच्या मोबाईलमध्ये मी गुपचूप एक खूण ठेवत असे. तिला कुकी म्हणतात. तोच माणूस पुन्हा आला की मी त्याला लगेच ओळखत असे. शिवाय पाहुणे मोजायला रूपालीने एक फुकटातले यंत्र मला चिकटवले होते. माझ्याकडे कोण काय बघतो, हे ते परस्पर आपल्या मालक कंपनीला कळवत होते. ते मला फार उशिरा समजले.

माझ्या तळाशी "गोपनीयता धोरण" नावाचे एक इंग्रजी पानही होते. पाहुण्यांची माहिती आपण कशी सांभाळतो, ते अशा पानावर लिहायचे असते. रूपालीने ते दुसरीकडून उचलले होते आणि त्यात चपलांऐवजी गाद्यांचा उल्लेख होता. पाच वर्षांत ते तिघांनी उघडले, त्यातल्या दोघांनी चुकून.

गेल्या वर्षी जानेवारीत क्रांतीबाईंची मागणी आली. त्या जयसिंगपूरला प्राथमिक शाळेत शिकवतात. सूचनेच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते, "माझा डावा पाय जन्मतः वाकडा होता. लहानपणी ऑपरेशन झाले. तो उजव्यापेक्षा दोन नंबर लहान आहे. आजवर बुटात कापूस कोंबून चालत आले. दुकानात चारचौघांत पाय पुढे करणे मला जमत नाही, म्हणून इथे लिहिते."

आबांनी तो कागद भिंतीला लावला आणि अकरा दिवस दुसरे काम हातात घेतले नाही. डावी चप्पल बाहेरून उजवीएवढीच ठेवून तिचा तळ त्यांनी आतून उचलला, पट्टा रुंद केला. शेजारी-शेजारी ठेवल्या की दोन्ही चपला सारख्याच दिसत. आठवड्याने बाईंचे उत्तर आले, "आयुष्यात पहिल्यांदा चप्पल घालून शाळेत गेले. कुणाच्या लक्षातही आले नाही."

ते वाचून आबांचे डोळे भरले. ते म्हणाले, "रूपे, ही कला लोकास्नी दाव की! बाईंचं नाव-गाव बी घाल. मान हाय त्यो."

आमच्या शहरात कुणी काही चांगले केले की चौकात फलक लागतो, नावासकट, फोटोसकट. त्यात वावगे काही आहे असे कुणाला वाटत नाही. रूपालीलाही वाटले नाही. तिने दोन्ही पायांचे कागद, नव्या चपला आणि खाली ठळक अक्षरांत "क्रांतीबाई, जयसिंगपूर: डाव्या पायाचे अवघड माप यशस्वी!" असे माझ्या कपाळावर लावले. एका दिवसात चारशे पाहुणे आले. मी अगदी हुरळून गेले होते.

चौथ्या दिवशी रूपालीचा फोन वाजला. मी त्याच फोनवर उघडी होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मी क्रांती बोलतेय. ते पान तुम्ही लावलंय?"

"व्हय ताई! बघितलंसा? चारशे लोकांनी..."

"माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांनीपण बघितलंय. आज शाळेच्या फाटकात एकीनं मला थांबवलं. म्हणाली, दाखवा की पाय, बघू कसा दिसतोय. दुकानात का येत नाही, ते मी तुम्हाला लिहून कळवलं होतं. बाकी कुणाला नाही. तेवढंच तुम्ही गावभर केलंसा."

आबांनी फोन घेतला. "बाई, आम्ही कौतुकच केलं की. वंगाळ काय लिवलं न्हाय."

"काका, कौतुक तुमच्या कामाचं. पाय माझा हाय."

बाई पुढे म्हणाल्या, "तो जोड मी खोक्यात ठेवलाय. आजपासून परत कापूस आणि बूट." आणि फोन बंद झाला.

रूपालीने ते पान दोन मिनिटांत काढले. पण चारशे लोक पाहून गेले होते, कित्येकांनी चित्र पुढे पाठवले होते. त्यांच्या मोबाईलमध्ये शिरून मला ते पुसता येत नव्हते. मित्रांनो, त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली. एक बाई आपली लपवलेली गोष्ट विश्वासाने माझ्या हाती देऊन गेल्या होत्या, आणि मी पाहुणे मोजत बसले होते.

रविवारी आबा रूपालीला घेऊन एसटीने जयसिंगपूरला गेले. क्रांतीबाईंनी दार उघडले. पायात बूट होते. आबांनी पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला.

"ह्यो तुमचा कागद. माझ्याकडं र्‍हायला नको. कॉम्प्युटरातलं बी पोरीनं पुसलंय. दाव गं."

रूपालीने मला उघडून मोबाईल बाईंच्या हातात दिला. त्यांनी आपले नाव शोधले. काही सापडले नाही. मग त्यांनी मागणीचा अर्ज उघडला आणि शिक्षक वही तपासतात तसा तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"चपलेला जन्मतारीख कशाला लागते?"

रूपाली खाली बघत म्हणाली, "दुसऱ्याचं बघून घातलं, ताई."

"आणि घरात माणसं किती, ते?"

पाच वर्षे मी हे प्रश्न विचारत होते आणि कशासाठी विचारते, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"चूक झाली, बाई," आबा म्हणाले. "एक फोन करून इचाराया पायजे हुतं. तेवढं बी केलं न्हाय."

बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. माफ केले असे काही त्या म्हणाल्या नाहीत. चहा मात्र दिला. निघताना आबांनी चाचरत विचारले, "पायताण घालशीला न्हवं?"

"बघू," एवढेच त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर रूपालीने माझे निम्मे रकाने उडवले. फुकटचे यंत्र काढले, कुकी बंद केली. गाद्यांच्या त्या इंग्रजी पानाच्या जागी तिने साध्या मराठीत लिहिले, "चपलेला लागते तेवढेच आम्ही विचारतो. जोड तुमच्या हाती पडला की महिन्याभरात माप पुसतो. तुम्ही हो म्हटल्याशिवाय तुमचे नाव, पाय किंवा फोटो कुठेही लावणार नाही." नावाच्या रकान्यापुढे तिने लिहिले, "एक अक्षरही चालेल." आणि कुरियरशिवाय "दुकानात येऊन नेईन" असाही एक पर्याय ठेवला.

सुरुवातीला मला जेवण तोडल्यासारखे झाले. कोण आले, कुठून आले, काहीच कळेना. मी रुसले. माझ्या रुसण्याकडे कुणी बघितले नाही. हळूहळू सवय झाली, आणि मग एक नवल दिसले. लोक आता सूचनेच्या रकान्यात अधिक मोकळेपणाने लिहीत होते.

तुम्हीही कुठे आपले नाव-गाव लिहून देता, तेव्हा जरा थांबून विचारा, हे कशाला हवे? आणि कुणी विश्वासाने तुमच्या हाती काही दिले, तर ते पुढे दाखवण्याआधी त्यालाच विचारा, कौतुक करायचे असले तरीही.

गेल्या महिन्यात एक मागणी आली. नावाच्या रकान्यात एकच अक्षर होते, "क". डावा पाय उजव्यापेक्षा दोन नंबर लहान. रूपालीने कागद छापून आबांच्या हातात दिला. आबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"कुणाचं हो, आबा?" रूपालीने विचारले.

"गिऱ्हाइकाचं," आबा म्हणाले. "मऊ कातडं काढ."

रूपालीनेही ओळखले असणार, पण तिने पुन्हा विचारले नाही. सूचनेच्या रकान्यात एवढेच लिहिले होते, "पहिला जोड रोज वापरून झिजला." आणि खाली "दुकानात येऊन नेईन" यावर खूण होती.

परवा रूपालीने त्या मागणीपुढे "जोड दिला" असे नोंदवले. त्या आल्या तेव्हा दुकानात गर्दी होती का, त्या स्टुलावर बसल्या का, सगळ्यांदेखत त्यांनी डावा पाय पुढे केला का, आबा काय म्हणाले, हे मला काहीही ठाऊक नाही. जाणून घ्यायला जीव नुसता तडफडतो आहे. पण मी विचारणार नाही.