वरच्या सहा ओळी

तिघा भावांतल्या थोरल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत एक नियम होता: आपल्या कोडात परक्याचं नाव दिसता कामा नये. त्यामुळे धाकटा भाऊ नेटवरून कुणाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, उचलायचा, तेव्हा फाइलीच्या माथ्यावरच्या सहा ओळी, म्हणजे लेखकाचं नाव आणि परवान्याच्या अटी, न वाचताच उडवायचा. हाताला इतकी सफाई, की कुणाचं नाव उडवलं हेही त्याला ठाऊक नसे.

त्यांचं सॉफ्टवेअर तीनशे दवाखान्यांत पोचलं आणि एका बड्या कंपनीने अख्खा धंदाच विकत घ्यायचं ठरवलं. सह्या शुक्रवारी. बुधवारी त्या कंपनीची वकीलबाई म्हणाली, "पेशंटच्या तारखा लावणारी ही लायब्ररी तुम्ही प्रोग्रॅममध्ये जोडलीत. तिची अट अशी, की जोडून वाटलंत, तर ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला तुमचा सगळा कोडही त्याच अटीवर द्यायचा. तसा खुला कोड आम्हाला नको. आता ती काढलीत तरी वाटलेल्या तीनशे प्रती उरतातच. लेखिकेची वेगळी लेखी परवानगी आणा."

"लेखिका?" थोरल्यांनी विचारलं.

वकीलबाईने मूळ फाइल दाखवली. नाव मधल्या भावाच्या बायकोचं. मधला गेला, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात थोरल्यांनी तिला 'हल्ली तुझं लक्ष नसतं' म्हणून कामावरून काढलं होतं. मग तिने घरी बसून ही लायब्ररी लिहिली. लक्ष बरंच असावं. तीनशे दवाखान्यांत एक तारीख चुकली नव्हती.

गुरुवारी वहिनी आली. थोरल्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

"घरचीच गोष्ट आहे गं. एक सही."

"माझ्या सहा ओळी कुणी उडवल्या?"

थोरल्यांचं बोट धाकट्याकडे वळायला वेळ लागला नाही.

"दादा, नियम तुझाच..."

"गप्प! काढला तुला. आत्ता, हिच्यासमोर. किल्ली ठेव."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"मला काढलं तेव्हा तुम्ही याच खुर्चीत होतात, भावोजी. स्क्रीनवरून मान वर केली नव्हतीत. मी निदान बघते आहे."

धाकट्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि तो जिना उतरला. थोरल्यांनी पेनचं टोपण काढून दिलं. वहिनीने कागद दोनदा वाचला. त्या ऑफिसात एवढं मन लावून काही वाचलं गेल्याची ही पहिलीच वेळ. मग तिने तो परत सरकवला.

"नाही. अट आहे तशी पाळा. तीनशे जणांना कोड द्या."

"अगं, मग त्याला कशाला काढायला लावलंस?"

"मी कुठे लावलं? मी फक्त विचारलं."

ती गेल्यावर थोरले धाकट्याच्या कॉम्प्युटरसमोर बसले. कुठला कोड कुठे ठेवलाय, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.