न्हाणीचं कलम

“न्हाणीत साबण वापरायचा न्हाई?” पिंकीनं भाडेकराराचा कागद नवऱ्याच्या हातून ओढून घेतला. “काका, मग आमी आंघोळ करायची का नुसतं भिजायचं?”

“बेसन लावा,” दत्तराव म्हणाले. “कातडी मऊ ऱ्हाते.”

हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कलमं सुचायला वेळ लागत नाही. निजामाच्या काळातल्या दगडी घराचा खालचा मजला, मागं स्वतंत्र बाग, भाडं वाजवी. तरी सहा बिऱ्हाडं या सातव्या कलमाशी अडखळून पायऱ्या उतरून गेली होती. परभणीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. म्हणून न्हाणीचं पाणी दगडी पाटानं थेट जुईच्या मुळाशी जायचं. साबणाच्या पाण्यानं जुई जळते, असं दत्तरावांचं मत होतं. आणि घरात दुसरं मत नव्हतं.

मुलीनं, राजेश्रीनं, गंगाखेडहून निर्वाणीचं बजावलं होतं, “बाबा, या आठवड्यात घर भाड्यानं द्या, न्हाईतर कुलूप लावून तुमाला उचलून नेते.” लेकीकडं जायला त्यांची ना नव्हती. पण जुई कुणावर सोडायची? ती त्यांच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी लावलेली. बाई चैत्रात गेल्या.

“लावू की बेसन,” पिंकीचा नवरा सिद्धोधन म्हणाला. गरीब माणूस, घर बघून बघून दमला होता.

“तुमीच लावा. मग भजी तळून घेते तुमची!”

दत्तराव हसले. चैत्रानंतर पहिल्यांदाच.

पिंकीनं सहज विचारलं, “काकू पण बेसनच लावायच्या का हो?”

“अडतीस वर्षं.”

“कदी काही म्हनल्या न्हाईत?”

“न्हाई,” दत्तराव फटकन म्हणाले.

म्हणाल्या होत्या. एकदाच, दवाखान्यात. नर्सनं अंग पुसून दिल्यावर मनगट नाकाशी धरून म्हणाल्या, “अहो, कोन्ता साबण असंल हो ह्यो? लय गोड वास हाय. घरी गेल्यावर एक वडी आनाल का?”

“आन् जुईचं?” दत्तरावांनी विचारलं होतं.

“हो की,” बाई म्हणाल्या आणि मनगट चादरीखाली घेतलं. घरी त्या आल्याच नाहीत.

दत्तरावांनी पट्टी आणली. सातवं कलम सरळ रेघेनं खोडलं.

“जुई जाईल की, काका,” पिंकी हळूच म्हणाली.

“जाईल तर जाईल.”

खाडाखोडीशेजारी दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, हे त्यांनी नोकरीभर लोकांना बजावलेलं. समासात त्यांनी आपली छोटी सही केली. पिंकीनं पेनासाठी हात पुढं केला.

“हितं नको. तुमी खाली करा. हे कलम तुमच्यासंगं नव्हतं.”

सहीशेजारची जागा त्यांनी कोरीच ठेवली.