काळविटासाठी मीठ

शौनक शीळ घालत होता, म्हणून मला भीती वाटली.

डायनिंग टेबलवर त्याने नकाशा पसरला होता. चारही कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर चहाचा मग, हँड सॅनिटायझरची बाटली, तनयाचा टिफिन आणि माझा लॅपटॉप. तनया खुर्चीवर गुडघे टेकून त्याच्या बोटामागे बोट फिरवत होती.

"हे सगळं सपाट आहे," तो सांगत होता. "झाड नाही, टेकडी नाही. काळवीट आपल्याला लांबूनच बघतं. त्यामुळे काय करायचं? पोटावर सरपटत जायचं. वारा आपल्या तोंडावर आला पाहिजे. वारा मागून आला की त्याला आपला वास जातो, संपलं."

"बट यू स्मेल ऑफ हिंग, बाबा," तनया म्हणाली.

तो हसला. खळखळून, पूर्वीसारखा. मी सिंकपाशी उभी राहून धुतलेलीच कढई पुन्हा धुतली.

मार्च चालू होता. गेल्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, पुण्यात माझे सासरे गेले. बेड मिळाला तेव्हा उशीर झाला होता. इथून आम्ही फक्त फोन करत होतो. याला फोन, त्याला फोन, ऑक्सिजनसाठी कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना. ऑस्ट्रेलियाबाहेर पडायला परवानगी लागायची, आणि पडलोच तर परत कधी येऊ देतील ते कुणीच सांगत नव्हतं. शौनक एकुलता एक मुलगा. बाबांना अग्नी त्याच्या चुलतभावाने दिला. दहावा आम्ही क्वेकर्स हिलच्या या घरात, याच टेबलवर, झूमवर पाहिला. त्यानंतर दुपारी त्याची ऑफिसची मीटिंग होती. ती त्याने केली. शर्ट बदलला, कॅमेरा ऑन केला आणि कुठल्याशा पुलाच्या खांबांबद्दल बोलला.

तेव्हापासून मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. त्याला कळू न देता. तो किती जेवतो, अंघोळीला किती वेळ लावतो, ट्रेनने येताना फोन उचलतो की नाही. त्याने क्रिकेट सोडलं, दाढी करायचं सोडलं, मित्रांच्या ग्रुपवर उत्तरं द्यायचं सोडलं. जीपीकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, चल म्हटलं की म्हणायचा, "मला काय झालंय? बाप गेलाय माझा. सगळ्यांचे जातात."

आणि मग एकदम हे. बंदूक चालवायचं लायसन्स काढलं. दाढी केली. शीळ.

मी वाचलंय. वाचू नये ते सगळं मी वाचते, ती माझी खोडच आहे. खूप दिवस खचलेला माणूस अचानक शांत, आनंदी दिसायला लागला तर सावध व्हा, असं लिहिलेलं असतं. कारण कधी कधी त्याने मनाशी काहीतरी ठरवलेलं असतं. ज्या माणसाने बाथरूममधला कोळीसुद्धा कधी मारला नाही, कागदावर घेऊन कुंपणापाशी सोडला, त्याला बंदूक कशाला हवी होती, हा प्रश्न मला काळविटाचा वाटतच नव्हता.

शिकारीचं डोक्यात भरवलं ग्लेनने. ग्लेन त्याच्या ऑफिसातला, साठीला आलेला, हात फावड्यासारखे. त्याच्या भावाची पश्चिमेला, डबोच्याही पलीकडे जमीन आहे आणि तिथे काळविटांचा कळप पाळलाय. रविवारी तो आमच्याकडे बार्बेक्यूला आला. सॉसेजेस त्याने स्वतःची आणली होती, आमच्या पनीरकडे तो अजून संशयाने बघतो.

"तुमच्याकडचाच प्राणी आहे, मेट," तो शौनकला म्हणाला. "त्यालाही कुणीतरी बोटीत घालून आणलं आणि मग त्याला इथलंच गवत आवडायला लागलं."

"पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली का त्याला?" शौनक म्हणाला.

दोघं हसले. शौनक कोळसे आणायला गॅरेजमध्ये गेला तेव्हा मी ग्लेनला विचारलं, "बंदूक कुणाची?"

"माझी. माझ्याकडेच कुलपात असते. काळजी नको, लव्ह. शूटिंग रेंजवर बघितलंय मी त्याला. हात स्थिर आहे."

"तू त्याच्याबरोबर असशील ना? पूर्ण वेळ?"

ग्लेनने सॉसेज उलटलं. "बहुतेक वेळ. शेवटचा टप्पा त्याला एकट्याने करायचाय म्हणाला. पहिल्या वेळी वाटतं तसं. मी मागे गाडीपाशी थांबेन."

माझ्या हातातली प्लेट मी खाली ठेवली.

ग्लेनला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? माझा नवरा शीळ घालतो, म्हणून? इंग्रजीत ते वाक्य मनातल्या मनात जुळवेपर्यंत शौनक कोळसे घेऊन आला.

त्या रात्रीपासून मी आडून आडून सुरू केलं. "तू काय खाणारेस ते काळवीट? हॅरिस पार्कच्या हॉटेलात चिकन बिर्याणी मागवतोस तर पीसेस माझ्या ताटात टाकतोस."

"मांस ग्लेनच्या भावाला."

"मग तू कशाला जातोयस?"

"जायचंय."

"वर्ष व्हायचंय अजून बाबांना. वर्षाच्या आत असलं काही करतात का?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू कधीपासून हे पाळायला लागलीस?" त्यात चिडणं नव्हतं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

एप्रिलमध्ये वर्षश्राद्धाला तो पुण्याला जाणार होता. बॉर्डर उघडली होती, तिकीट काढलेलं होतं. त्या तिकिटाला मी धरून होते. परत परत ईमेल उघडून त्याचं नाव, तारीख, सीट बघायची. मग मनात यायचं, तिकीट तर काय, कुणीही काढतं.

शिकारीला शनिवारी पहाटे निघायचं होतं. गुरुवारी दुपारी माझी शिफ्ट लवकर संपली. शौनक घरूनच काम करत होता. तनयाला शाळेतून आणलं, तिला टीव्ही लावून दिला आणि कपडे वाळत घालायला गॅरेजमधून मागे निघाले. तिथे तो खाली बसून बॅग भरत होता. हिरवं जॅकेट, पाण्याचे कॅन, टॉर्च. आणि शेजारी हॅरिस पार्कच्या वाण्याच्या दुकानातल्या जाड्या मिठाच्या पिशव्या. एक नाही, दोन नाही, भिंतीला लावून रचलेल्या.

"एवढं मीठ?"

तो दचकला. "अं? लागेल."

"कशाला?"

"नुपूर, आहे जरा काम."

"शौनक, मीठ कशाला?"

त्याने बॅगेची चेन लावली, परत उघडली. "कातड्याला. सोलल्यावर लगेच आतून मीठ चोळून ठेवावं लागतं, नाहीतर सडतं. यूट्यूबवर बघितलंय मी."

"तुला कातडं हवंय?"

"तनयाच्या मुंजीला."

मला हसू येणार होतं बहुतेक, पण त्याचा चेहरा बघून ते आलं नाही. मी ओल्या कपड्यांची बास्केट खाली ठेवली आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले.

मुंजीचं खूळ बाबांचं. ते भूगोलाचे मास्तर. पुण्यात हल्ली मुलींच्याही मुंजी होतात हे त्यांना कुठूनसं कळलं तेव्हापासून त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की नातीची मुंज मी लावणार, आणि अस्सल लावणार. मुंजीत जानव्याला वाटाण्याएवढा कातड्याचा तुकडा बांधतात, तो खरं म्हणजे काळविटाचा असायला हवा. बाबांच्या स्वतःच्या मुंजीतला तसा होता, त्यांच्या आजोबांच्या वेळचा. "आता गुरुजी चपलेच्या पट्ट्याचा लावतात," ते व्हिडिओ कॉलवर म्हणायचे, "उद्या बाटाचा शिक्का येईल त्याच्यावर." आणि तनया इकडून ओरडायची, "आबा, आय वाँट द डीअर वन!"

"दहाव्याला आठवतंय?" शौनक मिठाच्या पिशवीशी बोलत होता. "कावळा शिवत नव्हता पिंडाला."

आठवत होतं. तनयाला घेऊन मी अंगणात गेले होते, मधूनमधूनच आत डोकावत होते. घाटावर लोक पीपीई किट घालून उभे, पडदा मधूनच अडकायचा. काका बाबांना उद्देशून म्हणत होते, दत्तात्रय, विमलवहिनींना आम्ही सांभाळू. कावळा नाही. घर विकणार नाही. कावळा नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि पुढचं उरकलं.

"मी सांगत होतो," शौनक म्हणाला. "मी सारखा सांगत होतो, बाबा, तनयाची मुंज करीन, तुम्हाला हवी तशी करीन, काळविटाचं कातडं लावून करीन. तेच राहिलं होतं त्यांचं. दुसरं काही नव्हतं. ओरडून सांगत होतो. आणि मग सगळं झाल्यावर बघितलं, तर मी म्यूटवर होतो."

टीव्हीवर तनयाचं कार्टून चालू होतं. त्याचं गाणं गॅरेजपर्यंत येत होतं.

"अग्नी द्यायला नाही. शेवटचं बघायला नाही. आणि बोलायचं होतं तेव्हा म्यूटवर. इंजिनियर माणूस. रोज चार मीटिंगा करतो."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली मणके लागत होते. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ज्याला परत यायचं नाही तो माणूस मीठ विकत आणत नाही.

"पण ते पुण्याला कसं नेणार होतास?" मी विचारलं.

"बॅगेत. धुऊन, वाळवून, छोटा तुकडा. वर्षश्राद्धाला आईच्या हातात ठेवणार होतो."

"शौनक. काळवीट आहे ते. भारतात त्याच्या कातड्याबरोबर सापडलास तर सरळ आत टाकतील. मुंबईला उतरल्या उतरल्या. आणि इथून बाहेर न्यायलाही परवानगी लागत असेल."

लायसन्स, वाऱ्याची दिशा, मिठाचं माप, सगळं त्याने पाहून ठेवलं होतं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तो हसायला लागला. मीही हसले. "आईने जेलमध्ये डबा आणला असता," मी म्हटलं. "श्राद्धाच्या वड्यांचा," तो म्हणाला.

हसणं थांबलं. इथेच सोडून द्यावं, असं मला फार वाटलं. पण ग्लेनचं ते वाक्य आत तसंच होतं.

"शेवटचा टप्पा एकट्याने का करायचा होता?"

तो टॉर्च उचलून बॅगेत कोंबायला लागला.

"तू परत येणार होतास ना, शौनक?"

"म्हणजे काय? हे मीठ काय..."

"मी विचारतेय."

त्याने पिशवीचं तोंड दुमडलं, पुन्हा दुमडलं. "हो," तो म्हणाला. आणि पिशवी भिंतीला लावून झाल्यावर, "बहुतेक."

मी त्याचं मनगट धरलं.

"ठरवलं वगैरे नव्हतं गं," तो घाईघाईने म्हणाला. "तसं नाही. फक्त कधी कधी वाटायचं, एवढं एक काम झालं की मग पुढे काय करायचंय. तिथे एवढं मोकळं असतं. कुणी नसतं."

मी त्याचा फोन उचलून त्याच्यासमोर धरला. त्याने तो माझ्या हातातून घेतला. मी फक्त म्हटलं, "ग्लेन." त्याने फोन लावला, स्पीकरवर.

"ग्लेन, मेट. शनिवारी मी येत नाहीये. मला बरं नाहीये."

"अरे देवा, टेस्ट केलीस? आमच्याकडे टेस्टचं किट आहे जास्तीचं, आणून देतो."

"कोविड नाही." शौनक माझ्याकडे बघत होता. "दुसरं आहे. मला तुझ्या बंदुकीपासून लांब राहायचंय काही दिवस."

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला.

"बरोबर," ग्लेन म्हणाला. "बरोबर केलंस, मेट. तू घरी आहेस ना? नुपूर आहे तिथे? मी येतो. काही आणत नाही. नुसता येतो."

त्यानंतर मी जीपीला फोन केला. उद्या सकाळची वेळ मागितली, आजची मिळाली. शौनक शेजारी बसून होता, नाव विचारलं तेव्हा त्याने स्वतः सांगितलं.

निघायला अजून थोडा वेळ होता. पुण्यात सकाळ असणार. "आईला सांग ते म्यूटचं," मी म्हटलं.

"तिला कशाला त्रास."

"सांग."

सासूबाईंनी फोन उचलला. नेहमीसारखा आधी त्यांचा कान दिसला, मग कपाळ, मग सगळ्या दिसल्या. शौनकने सांगितलं. अडखळत, इंग्रजी-मराठी मिसळून, मधेच थांबत. त्यांनी मधे एकदाही "हां, हां" केलं नाही.

"अरे, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुझे ओठ हलताना दिसत होते. आम्ही सगळे ओरडत होतो, म्यूट काढ, म्यूट काढ. तुला ऐकूच जात नव्हतं."

"मग थांबला का नाहीत?"

"गुरुजी थांबायला तयार नव्हते रे. मागे केवढी रांग होती. त्या दिवशी कुणाच्याच पिंडाला कावळा शिवत नव्हता, सगळ्यांचे दर्भाचेच. एवढे पिंड, कावळे तरी किती खाणार?"

शौनकने तोंडावर हात धरला. त्याचे खांदे हलायला लागले, पण आवाज नाही. इतके महिने तो असाच रडला असेल, बाथरूममध्ये नळ सोडून, आणि मी दाराबाहेर उभी राहून मिनिटं मोजत असेन.

"हात काढ तोंडावरचा," सासूबाई म्हणाल्या. "रड. आज ऐकू येतंय मला."

मी फोन उचलून मिठाच्या पिशव्यांना टेकवला, त्याच्या आणखी जवळ.