आधीच्या बाई

दुकानदारीला कंटाळून, औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालता घालता तिने ग्रंथालयाचा अभ्यासक्रम पुरा केला, तेव्हा घरात सगळ्यांनीच तिची थट्टा केली. नणंद म्हणाली, "वहिनी, तुझी टकळी थांबेल तर शपथ! तू मुलांना काय गप्प बसवणार?" पण शाळेत नोकरी लागली आणि तीच नणंद गावभर सांगत सुटली.

पहिल्या दिवशी शिपायाने कुलूप काढून दिलं आणि काही न बोलता चालता झाला. खोली लांबट, उन्हाकडच्या कपाटांचा रंग उडालेला. खुर्चीवर विणलेली उशी, टेबलावर चष्म्याचं घर, खिडकीत रोप. आधीच्या बाई सामान विसरल्या वाटतं, असं म्हणून तिने ते सगळं एका खोक्यात भरलं आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागली.

तेवढ्यात दार ढकलून एक वयस्कर बाई आत आल्या. बघायचीही गरज नसल्यासारखं त्यांनी पिशवी खिळ्याला अडकवली, पंखा लावला आणि मग वळल्या.

"पालकांनी ऑफिसात बसायचं असतं हं."

"पालक नाही मी. ग्रंथालयात नेमणूक झालीय माझी. आजच रुजू झाले."

बाईंचा चेहरा उजळला. "अगंबाई! दिला एकदाचा मदतनीस! किती वर्षं घसा कोरडा करतेय मी. बस, बस. चहा घेतलास का?"

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बाईंची नजर खोक्याकडे गेली.

"माझा चष्मा यात कशाला?"

"बाई..." तिने फडकं खाली ठेवलं. "मला सांगितलं, तुम्ही नोकरी सोडलीत."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळायचंही विसरलं होतं.

ती तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. "आधीच्या बाईंना तुम्ही काहीच सांगितलं नाहीत?"

"सांगणारच होते हो," मुख्याध्यापिका कागद सारखे करत म्हणाल्या. "मध्येच सुट्ट्या लागल्या. मग म्हटलं, तुम्हाला बघितलं की येईलच त्यांच्या लक्षात."

तिला आपण ऐकलं ते खरं वाटेना. "म्हणजे माझ्या तोंडून काढलंत त्यांना?"

"तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? नोकरी तुमचीच आहे."

"असेल. पण आत्ता तुम्ही चला. तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय मी त्या खुर्चीला हात लावणार नाही."

पहिल्याच दिवशी आपण एवढं बोलून बसलो, या विचाराने तिचं तिलाच धस्स झालं. मुख्याध्यापिका मात्र उठल्या.

ग्रंथालयात सहावीचा वर्ग आला होता. बाई उशीशिवायच खुर्चीत बसून एकेका मुलाचं पुस्तक शिक्का मारून देत होत्या. या दोघींना बघून त्या एवढंच म्हणाल्या, "मुलं आहेत. तास संपू द्या."

दोघी दाराशी उभ्या राहिल्या, शिक्षा झालेल्या पोरींसारख्या.

घंटा झाली, वर्ग गेला. मुख्याध्यापिकांनी कसंबसं सांगितलं, वयाचं, नव्या पद्धतींचं. बाईंनी मध्येच विचारलं, "कुणाकुणाला ठाऊक होतं?"

दारातल्या शिपायाने मान खाली घातली.

"म्हणजे सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "सकाळी फाटकापाशी आठ जणांनी मला नमस्कार केला."

त्यांनी खोकं उचललं. ती पुढे झाली, "मी आणते फाटकापर्यंत."

"नको. तुझा दोष नाही, कळतंय मला. पण आज तुझा हात नको."

त्या गेल्या. मुख्याध्यापिकाही गेल्या. ती कपाटाला टेकून उभी राहिली. मोठ्याने रडावंसं वाटत होतं आणि रडू येत नव्हतं. राजीनाम्याचा विचार मनात येऊन गेला. पण आपण गेलो म्हणून बाईंना कुणी परत बोलावणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या तासाला पाचवीची मुलं धडधडत आत शिरली आणि तिला बघून थबकली. "आमच्या बाई रजेवर आहेत का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! ती खुर्चीत न बसता मुलांसमोर बाकावर येऊन बसली.

"नाही. रजेवर नाहीत. त्या आता येणार नाहीत," ती म्हणाली. "बसा, सांगते."