मास्तरांची पेन्शन

शेषराव मास्तरांनी रऊफला गोलात उभं केलं, तेव्हा अमरावतीच्या मैदानावरचा सामना संपत आला होता आणि अकोल्याचा संघ तीन गोलांनी पुढे होता. तिन्ही गोल रऊफचेच होते. लोकांना चौथा हवा होता. मास्तरांना मात्र दुसऱ्या दिवशीचा अंतिम सामना आणि रऊफचे पाय एवढंच दिसत होतं.

त्या काळी फुटबॉलमध्ये खेळाडू बदलायची सोय नव्हती. अकरा उतरले की शेवटपर्यंत तेच अकरा. एखादा जायबंदी झाला तर उरलेल्यांनी खेळायचं. पण पंचाला सांगून गोलकीपर आणि दुसरा एखादा गडी आपसांत जागा बदलू शकत. मास्तरांनी ह्या सवलतीतून आपली पद्धत काढली होती. सामना हातात आला की संघातला सगळ्यांत मोलाचा खेळाडू गोलात जायचा आणि गोलकीपर शालिकराम त्याच्या जागी पुढे यायचा. शालिकराम कापसाच्या जिनिंगमधला हमाल, अंगाने आडवा. तो पुढे धावू लागला की बैल सुटला म्हणून लोक ओरडायचे. ह्या पद्धतीला पोरं 'मास्तरांची पेन्शन' म्हणत.

"घ्या रऊफभाई, लागली तुमची पेन्शन," शालिकराम गोलकीपरचा स्वेटर काढून देत म्हणाला. "आता बसा निवांत, नातवंडं खेळवा."

"तू फक्त पडू नको," रऊफ म्हणाला. "मैदानाले खड्डा पडीन."

रऊफ गोलाच्या दोन खांबांमध्ये जाऊन उभा राहिला. लोकांनी हुर्यो केली.

रेषेबाहेर मास्तरांशेजारी देवमन बसला होता, एक पाय लांब करून. तो पाय गुडघ्यात वाकत नसे. मागल्या साली असाच एक सामना हातात आला होता. तेव्हा मास्तरांची ही पद्धत नव्हती. लोक देवमनच्या नावाने ओरडत होते, मास्तरांनी त्याला खेळू दिलं, आणि शेवटच्या घडीला दोघांच्या मध्ये सापडून त्याचा गुडघा गेला. गिरणीतलं दिवसभर उभ्याने करायचं काम सुटलं. आता तो अकोल्याच्या टिळक रोडकडे पानाचा ठेला चालवायचा आणि तरीही संघाबरोबर प्रत्येक गावी यायचा.

"काहून काढलं त्याले?" देवमनने विचारलं.

"तुले माहीत नाई?"

"मले माहीत हाये. म्हणूनच इचारून राहिलो. पोरगं रंगात होतं, मास्तर."

"रंग उद्या दाखवीन तो. आज पाय सांभाळू दे."

"खेळणाऱ्याले खेळू द्याव. गोलात उभा करून तुमी त्याले दुकानातल्या बाहुल्यासारखं करून ठेवता."

मास्तरांची नजर रऊफच्या पायांवर होती. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी अकोल्याच्या मोर्णा नदीकाठच्या पोरांचा हा संघ बांधला होता. ते शाळेत कवायत शिकवत. खेळाडू ते पायांवरून ओळखत. सामन्याआधी ते प्रत्येकाला ओळीने बसवत, समोर उकिडवे बसत आणि घोटे, पोटऱ्या, गुडघे स्वतःच्या अंगठ्यांनी दाबून पाहत. जिथे पोरगं दचकलं तिथे तेल. अकोल्याहून निघताना बडनेऱ्याच्या गाडीतही त्यांनी रऊफचे पाय मांडीवर घेऊन चोळले होते. समोरच्या बाकावरची म्हातारी म्हणाली होती, "नवरदेव हाये काय जी?"

रऊफ जुन्या शहरातला. बाप लवकर गेलेला. आई जैनबबी गोधड्या शिवायची. रऊफ बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसायचा, आणि त्याच वर्षी मालकाने त्याला मशीनवरून उठवून कापायच्या टेबलाशी उभं केलं होतं. गल्लीत त्याला आता कटिंग मास्तर म्हणत. कात्री एकदा लावली की तो कापडाच्या टोकापर्यंत न थांबता नेई. जैनबबीला फुटबॉल आवडत नसे. स्टेशनावर सोडायला ती आली नव्हती, पण मास्तर रऊफला न्यायला घरी गेले तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होती, "मास्तर, जसा नेता तसा आणजा. माझ्या घरात कमावणारा एकच हाये."

"त्याच्या पायाले मी धक्का लागू देणार नाई, भाभी," मास्तर म्हणाले होते.

मैदानावर शालिकराम चेंडूमागे धावत होता आणि चेंडू दुसरीकडे जात होता. समोरचा संघ नागपूरकडचा, बूट घालून खेळणारा. हरलेल्या सामन्यात निदान एक गोल फेडावा म्हणून त्यांनी एक लांब चेंडू टाकला. तो गोलाच्या दिशेने नीट येतही नव्हता. रऊफ तिथेच उभा राहिला असता तर चेंडू खांबाच्या बाहेरून गेला असता. गेला नसता आणि गोल झाला असता, तरी काही बिघडणार नव्हतं. पण रऊफला उभं राहणं जमत नव्हतं. तो पुढे धावला आणि चेंडूवर झेपावला. त्याच वेळी त्यांचा एक पुढचा गडी बूट उगारून आला. त्याने पाय आवरायचा प्रयत्न केला, पण बूट खाली आला तो रऊफच्या उजव्या हातावर.

मास्तर धावत गेले. रऊफ जमिनीवर वाकून बसला होता. मास्तरांनी आधी त्याचा डावा गुडघा दाबला, मग उजवा, मग दोन्ही घोटे.

"पाय?"

"पाय ठीक हाये, मास्तर."

"खरं सांग."

"खरंच. पायाले काई नाई."

"मंग ऊठ, बावा. जीव घेतला व्हता माझा."

रऊफ उठला. उजवा हात त्याने काखेत दाबून धरला होता. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते रेषेबाहेर परत आले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"हात पाह्यला?" देवमनने विचारलं.

"मुरगळला असीन. पाय साबूत हाये."

संघ एका शाळेच्या वर्गात उतरला होता. दिवे लागायच्या सुमारास रऊफचा अंगठा सुजून तळहाताएवढा जाड झाला. मास्तरांनी आंबेहळद आणवली, गरम लेप लावला, वरून फडकं बांधलं. देवमन म्हणत होता, दवाखान्यात न्या. एकदा म्हणाला, मग पुन्हा म्हणाला.

"दवाखान्यात ठेवून घेतलं तं?" शालिकराम म्हणाला. "उद्या आमी काय माझ्या भरवशावर जाऊ?"

कोणी हसलं नाही. सगळे मास्तरांकडे पाहत होते. मास्तर रऊफकडे पाहत होते.

"तू सांग," मास्तर म्हणाले.

"फुटबॉल हातानं खेळतेत काय?" रऊफ म्हणाला. "पाय हायेत न. मी खेळतो."

ज्याला खेळायचंच आहे त्याला विचारून उपयोग नसतो, हे मास्तरांना ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी विचारलं आणि उत्तर मानलं.

अंतिम सामन्यात रऊफ हात छातीशी बांधून खेळला. तोल जायचा, दोनदा पडला, दोन्ही वेळा त्याच बाजूवर. सामन्यातला एकमेव गोल त्याने केला. गोल झाल्यानंतर बराच वेळ उरला होता आणि देवमनने मास्तरांकडे पाहिलं. ह्या वेळी पेन्शन देणं शक्यच नव्हतं. असल्या हाताने गोलात कोण उभं राहणार? रऊफ शेवटपर्यंत पुढे धावत राहिला आणि अकोला जिंकलं. बक्षिसाची ढाल त्याने डाव्या हाताने घेतली. परतीच्या गाडीत पोरं गात होती. रऊफ खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होता. मास्तरांनी त्याचे पाय मांडीवर घेतले नाहीत. ते समोर बसून बांधलेल्या फडक्याकडे पाहत होते.

अकोल्याच्या दवाखान्यात फोटो काढला. अंगठ्याचं हाड मोडलं होतं आणि आता सरकलंही होतं. डॉक्टरांनी कधी लागलं ते विचारलं. मास्तरांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आणि मग काल पुन्हा पडला?" मास्तर हो म्हणाले.

प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा आडवा जुळला होता. तो वाकत नव्हता. कात्रीच्या कड्यात तो जाईना. रऊफने डाव्या हाताने कापून पाहिलं. मालक चांगला होता, त्याने बरेच दिवस वाट पाहिली. रऊफने दोन सदऱ्यांची कापडं वाया घालवली आणि तिसरं कापड त्याने स्वतःच परत घडी करून ठेवलं. मशीनवर बसायचं म्हटलं तर सुईखाली कापड धरायलाही अंगठा लागतो. मग शालिकरामने त्याला आपल्या जिनिंगमध्ये लावून घेतलं. कापसाच्या बोजाला पाठ लागते, अंगठा नसला तरी चालतो.

मास्तर जुन्या शहरात जैनबबीकडे गेले. तिने बाज टाकली, चहा केला. मास्तर काय बोलायचं ते रस्त्यात ठरवून आले होते, पण तिने बोलूच दिलं नाही. ती दुकानात कापायच्या टेबलाशी नवा आलेला पोरगा कसा आहे ते सांगत राहिली. खामगावचा आहे, हुशार आहे, रऊफचीच कात्री वापरतो. मग म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला, मास्तर."

"भाभी, मी—"

"साखर कमी झाली काय?"

मास्तरांनी चहा पिऊन टाकला. निघताना ती दारापर्यंत आली नाही.

तिथून ते सरळ देवमनच्या ठेल्यावर गेले. गिऱ्हाईक नव्हतं. देवमन ओल्या फडक्याने पानं पुसत होता.

"तुले काढलं नाई, तं तुझा पाय गेला," मास्तर म्हणाले. "याले काढलं, तं याचा हात गेला. मंग माणसानं करावं काय?"

देवमनने हातातलं पान पुसून ठेवलं.

"मले काय माहीत, मास्तर? मी पानवाला."

"सांग न बे."

"राग नका मानू. माझा पाय गेला तवा मी खेळून राहिलो व्हतो. चेंडू माझ्यापाशी व्हता. पडलो तवा लोक माझं नाव घेऊन राहिले व्हते. हे मले राती झोप येत नाई तवा आठवते, अन् बरं वाटते. खोटं काहून सांगू? रऊफले काय आठवीन? तीन गोल झाल्यावर कोनाच्या कामाचा नसलेला चेंडू."

"तो दुसऱ्या दिवशीबी खेळला."

"हो. ते बी तुमीच खेळवलं."

देवमनने दोन पानं लावली, एक मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी ते खाल्लं नाही. हातात धरूनच घरी गेले.

त्यांनी संघ सोडायचं ठरवलं, पण पोरं ऐकेनात. रऊफ स्वतः घरी आला. "पाय हायेत न मास्तर," एवढंच म्हणाला. पुढच्या हंगामात तो पुन्हा खेळला आणि पूर्वीपेक्षा चांगला खेळला. जिनिंगच्या कामाने त्याची पाठ आणि मांड्या भरल्या होत्या. सामन्याआधी मास्तर उकिडवे बसून पाय दाबत तेव्हा तो उजवा हात मागे ठेवी.

अकोल्यातच एक सामना होता. उन्हं उतरली होती. संघ दोन गोलांनी पुढे होता आणि फार वेळ उरला नव्हता. शालिकरामने सवयीने स्वेटर काढायला सुरुवात केली. रऊफही सवयीने गोलाकडे चालू लागला. मास्तरांनी सांगितलं नव्हतं. पण मागल्या हंगामापासून तेच चालत आलं होतं, म्हणून दोघांनी विचारलंही नाही.

"रऊफ!" मास्तर ओरडले. "मागं फिर! पुढं जाय!"

रऊफ थांबला. शालिकराम अर्धा स्वेटर डोक्यात अडकवून उभा राहिला. लोक हसले. रऊफने खांदे उडवले आणि तो पुढे पळाला.

मास्तर बाकाच्या टोकाला, देवमनशेजारी बसले. त्यांनी कोपर गुडघ्यांवर टेकले आणि मान खाली घातली. मैदानात कोणीतरी कोणाला धडकल्याचा आवाज आला, लोक उठले, ओरडले. मास्तरांनी वर पाहिलं नाही.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काई नाई," देवमन म्हणाला. "शालिकराम पडला."

"रऊफ?"

"पळून राहिला."

पुन्हा ओरडा झाला.

"आता?"

"उभा हाये, मास्तर," देवमन म्हणाला. त्याने ताठ पाय थोडा सरकवला आणि मास्तरांना जागा करून दिली. "अजून हाये उभा."