धोटा पार्टीचा शेवटचा आल्बम

दाक्षायणीची हळद उद्यावर आली होती आणि ती आल्बम उरकायला सोलापुरातल्या माग-कारखान्यात येऊन बसली होती. आल्बम फोटोंचा नव्हे. गाण्यांचा, ‘धोटा पार्टी’चा, आणि शेवटचा. मागावर सूत घेऊन सटासट ये-जा करतो तो धोटा. त्याचं नाव घेतलेली ही तिघांची पार्टी: भाऊ गुरुसिद्धप्पा इलेक्ट्रिक गिटार छेडायचा, मागावरचा जोतीराम ड्रम बडवायचा आणि दाक्षायणी गायची. गाणी स्वतःची, अर्धी मराठी, अर्धी कानडी. ‘गाणं हाय का भांडण?’ असं लोक विचारत आणि या तिघांना ते कौतुकच वाटे. विजापूरच्या सासरी कुठला ड्रम नि कुठली गिटार! काय गायचं ते आजच.

मागांच्या खडखडाटात टेप व्हायची नाही, म्हणून गुरुसिद्धप्पाने मुद्दाम सुट्टीचा दिवस धरला होता. सगळे माग गप्प. मागून आणलेलं टेपमशीन फिरू लागलं, दाक्षायणीने सूर लावला आणि जोतीरामचा ताल वारं प्यालेल्या वासरासारखा उधळला. पुन्हा घेतलं. पुन्हा उधळला.

"आज काय झालंय रे तुला?" गुरुसिद्धप्पा करवादला.

"अण्णा, हितं आवाजच न्हाय की!" जोतीराम रडकुंडीला आला. "मागाशेजारी शिकलोय मी. त्यो ठोकतो, मी त्येच्या मागनं जातो. एवढ्या शांततेत मला कायबी सुचंना!"

दाक्षायणी पोट धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, कारण आल्बम हातचा चालला होता. मग तीच पळत जाऊन जोतीरामच्या आईला, रंभाबाईंना, ओढत घेऊन आली. "काकू, एक माग लावा. एकच!"

"सुट्टीच्या दिशी?" रंभाबाई म्हणाल्या, पण पदर खोचत म्हणाल्या.

खडाक-खट्, खडाक-खट्! जोतीरामच्या अंगातच आलं. गाण्यामागून गाणं निघालं, एकीकडे चादर विणली जात राहिली. शेवटच्या गाण्यात दाक्षायणीने वरचा सूर असा लावला की छताचे पत्रे झणाणले, आणि नेमका तेव्हाच मागावर धागा तुटला. रंभाबाईंच्या चादरीत खोट काढणारा माणूस गल्लीत जन्मला नव्हता. धागा तुटला की त्या माग थांबवायच्याच. आज त्यांनी धाग्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि पुढे केलेला हात मागे घेतला. तीच चादर त्यांनी रुखवतात ठेवली.

विजापुरात सासूबाईंनी, चंद्रव्वांनी, चादर उलगडली आणि बरोब्बर त्या जागी बोट ठेवलं. "अगं, हितं रेघ पडलीय की! फसवलं तुला सोलापूरवाल्यांनी."

"न्हाय अत्ती," दाक्षायणीला हसू आवरेना, "तितं मी गायलेय."

चंद्रव्वांनी कपाळाला हात लावला. मग दाराबाहेर कोणी नाही ना ते बघून हळूच म्हणाल्या, "काय गायलीस, म्हण बघू."

"तालाशिवाय जमायचं न्हाय," असं म्हणत दाक्षायणीने चुलीजवळची पितळी परात सासूच्या मांडीवर उपडी ठेवली. "बडवा अत्ती. खडाक-खट्, खडाक-खट्!"