बहिरूचा प्रश्न

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. फिरती म्हणते खरी, पण माझा आस कधीच गंजला आहे आणि आता कोणी जोर लावला तरी मी जागची हलणार नाही. नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ पुंजारामशेठ यांचे हेअर कटिंग सलून आहे. त्या दुकानामागच्या पडवीत, साबणाची रिकामी खोकी आणि एक तडा गेलेला आरसा यांच्या सोबतीने मी दिवस काढते. मित्रांनो, माझी गादी फाटली, उंदरांनी आतला काथ्या ओढून नेला, त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वस्तू जुन्या होतातच. परंतु एका माणसाची हकिकत माझ्या मनात राहून गेली आहे. ती ऐकणारे कोणी मिळेल, अशी मी वाट पाहत होते.

माझा जन्म देवळालीच्या लष्करी कॅम्पात झाला. एका गोऱ्या अंमलदाराने कागदावर काढून दिलेल्या चित्रावरून तिथल्या सुताराने मला सागवानाची घडवली. डोके टेकायला मागे चामड्याची उशी बसवली, पाय ठेवायला लोखंडी पट्टी जोडली. काही वर्षे मी सोल्जरांची सेवा केली. पुढे ती पलटण हलली, सामानाचा लिलाव झाला आणि पुंजारामशेठ मला बैलगाडीत घालून नाशिकला घेऊन आले.

तेव्हा नाशकातली बहुतेक माणसे झाडाच्या सावलीत नाहीतर ओट्यावर बसून हजामत करून घेत. खुर्चीत बसून, आरशात पाहत केस कापवून घेणे ही नवलाई होती. लोक दारात उभे राहून मला न्याहाळत. एक वृद्ध गृहस्थ प्रथमच बसले तेव्हा माझे दोन्ही हात त्यांनी असे घट्ट धरले होते, जणू मी त्यांना घेऊन कुठे निघणार होते. मला फार अभिमान वाटे. वकील, कारकून, पेढीवाले, शेतावरून फुले विकायला आलेले माळी, अशा कितीतरी माणसांचे वजन मी ओळखू लागले.

फक्त माझ्या पाठीमागे उभ्या राहणाऱ्यांचे वजन मला कधी कळले नाही. दुकानातल्या कारागिरांनी बसायचे नाही, असा शेठचा नियम होता. "बसलेला कारागीर गिऱ्हाइकाला आळशी दिसतो," असे ते म्हणत. त्यामुळे दुकानात एक स्टूलही नव्हते. होते ते एकच, गल्ल्यापाशी, शेठचे स्वतःचे. कारागीर सकाळी उभे राहत ते दिवेलागणीपर्यंत. भाकरीसुद्धा पडद्यामागे उभ्यानेच खात. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत कापलेल्या केसांची कुसळे रुतून बसत आणि तिथे पू होई. साबणाच्या पाण्याने तळहात भेगाळत. रात्री ते त्याच जमिनीवर पोती अंथरून झोपत. कारागीर दोनच होते आणि दोघेही परगावचे. शहरात त्यांना दुसरे घर नव्हते.

त्यांपैकी इनायत चांदवडचा. वयाने मोठा, हाताने हलका, तोंडाने खेळकर. दुसरा बहिरू, सायखेड्याचा. गावात त्याच्या घराण्याकडे न्हावीकीचे वतन होते, पण भाऊ वाढले, घरे वाटली गेली आणि सुगीला मिळणारे धान्य सगळ्यांना पुरेना. म्हणून धाकटा बहिरू आपली हत्यारांची धोकटी काखेत मारून शहरात आला.

गावात तो दोन पायांवर उकिडवा बसून, गिऱ्हाइकाच्या समोरासमोर काम करीत असे. इथे त्याला उभे राहून, मागच्या बाजूने काम करणे जमेना. पहिल्या महिन्यात त्याचे हात माझ्या पाठीवर सारखे टेकत. तो पाय बदलत असे, पुन्हा टेकत असे. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या आणि डाव्या घोट्याजवळ एक जखम झाली. ती काही केल्या भरेना.

त्याची बायको नवसाबाई बुधवारच्या बाजाराला सायखेड्याहून येई. दुकानात बाईमाणसाने यायचे नाही म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राही आणि दोघांपुरत्या भाकरीचे गाठोडे आत सरकवी.

"पाय बघू," ती एकदा म्हणाली.

"काय बघायचंय त्यात? दोन हायेत."

"दुधी भोपळ्यावानी झालेत. बसत जावा की जरा."

"बसलो तर शेठ म्हनंल, जा गावाला बसायला."

आतून इनायत म्हणाला, "वहिनी, याला तुम्हीच घेऊन जा. रात्रभर पोत्यावर पाय आपटतो, मला झोपू देत नाही."

"मी कशाला नेऊ? मलाच इकडं आनायचं म्हनत्यात ना हे."

ते खरे होते. शेठनी बहिरूला शब्द दिला होता: दिवाळीपर्यंत नीट काम केलेस तर दुकानामागची पडवी तुला राहायला देतो, बायकोला घेऊन ये. मी आज पडून आहे तीच ही पडवी. बहिरूने तिच्या भिंतीत एक खुंटी ठोकून ठेवली होती आणि चूल कुठे मांडायची तेही ठरवून टाकले होते. त्या पडवीसाठी तो पायांचे दुखणे सोशीत होता, शेठचे बोलणे ऐकून घेत होता.

मित्रांनो, आता त्याच्या प्रश्नाविषयी सांगते. गावचा न्हावी म्हणजे नुसता केस कापणारा नव्हे. घरात जावळ असो, लग्न असो, कोणी गेलेले असो, आधी त्यालाच बोलावणे जाते. वडील वारले म्हणजे मुलगा डोक्याबरोबर मिशीही उतरवतो. वडील हयात असताना मिशीला वस्तरा लावणे हा मोठा अपशकुन. म्हणून कोणी मिशी काढायला सांगितली की बहिरू हात थांबवून हळूच विचारी, "वडील हायेत ना?"

शहरात मात्र मिशी सफाचट करण्याची नवी टूम निघाली होती. एकदा एका कारकुनाने मिशी काढायला सांगितली. बहिरूने आपला प्रश्न विचारला. कारकून माझ्यावरून ताडकन उठला.

"मी हजामतीला आलोय की श्राद्धाला? शेठ, हा माणूस माझ्या वडिलांच्या मरणावर टपलाय का?"

शेठनी त्याची समजूत घातली, वर तेल फुकट लावून दिले. तो गेल्यावर ते बहिरूकडे वळले.

"नाव बहिरू, पण तू मुकाच असतास तर बरं झालं असतं. हे सलून आहे. इथं गिऱ्हाइकाच्या घरचं विचारायचं नाही. तोंड बंद, हात चालू."

"पर शेठ, रीत हाय ती."

"रीत सायखेड्यात. पुन्हा विचारलंस तर पडवी विसर."

त्या संध्याकाळी इनायत त्याला म्हणाला, "आमच्याकडचं बरं आहे बघ. दाढी राख, मिशी बारीक कर, बापाला कोणी विचारत नाही."

"चाचा, हात धजत नाय माझा."

"धजवायचा. घर पायजे ना तुला?"

त्यानंतर बहिरूने तो प्रश्न गिळला. मिशी काढायची वेळ आली म्हणजे त्याचा डावा हात माझ्या पाठीची उशी क्षणभर घट्ट धरी, आणि मग तो वस्तरा लावी. गिऱ्हाइकाला काही कळत नसे. मला कळत असे.

दिवाळी तोंडावर आली होती. एके दिवशी सकाळी पंचवटीतला एक तरुण विद्यार्थी घाईघाईने आला. त्याच्या कॉलेजात संमेलन होते आणि नाटकात त्याला नायिकेचे काम मिळाले होते. चेहरा गोड होता, मिशी नुकती कुठे दाट होऊ लागली होती.

"स्वच्छ काढ. रेषसुद्धा दिसता कामा नये," तो म्हणाला.

बहिरूचा हात थांबला. त्याने गल्ल्याकडे पाहिले. शेठ स्टुलावरून त्याच्याकडेच पाहत होते. उशीवरची त्याची बोटे आवळली गेली, बराच वेळ तशीच राहिली. मग त्याने साबण लावला.

पुढचे मला गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून समजले. तो तरुण घाटावरून घरी निघाला असता त्याची सख्खी आत्या समोरून आली. त्याचा तुळतुळीत ओठ पाहून तिने तिथेच हंबरडा फोडला. आपला भाऊ गेला आणि आपल्याला कोणी कळवलेही नाही, असे तिला वाटले. तो समजावू लागला तर ती अधिकच रडे. बाजारात बातमी पसरली. माणसे दुकाने बंद करून पंचवटीत त्यांच्या घरी पोचली तेव्हा मुलाचे वडील पाटावर बसून वरणभात जेवत होते.

ते धान्याचे मोठे व्यापारी होते. दुपारीच ते सलूनात आले. माझ्यावर बसायला शेठनी विनवले, ते बसले नाहीत.

"कोणी काढली?"

"बहिरूने, मालक," शेठ म्हणाले. "नवा माणूस आहे. खेड्यातला. रीतभात माहीत नसते या लोकांना."

"सायखेड्याचा ना रे तू? न्हाव्याच्या घरात जन्मलास आणि एवढं विचारता आलं नाही तुला?"

बहिरूच्या हातात ओला टॉवेल होता. तो शेठकडे पाहू लागला. शेठनी नजर खाली वळवली.  

"चुकलं, मालक," बहिरू म्हणाला.

"चुकलं. माझ्या बहिणीनं रस्त्यात कुंकू पुसलेली वहिनी डोळ्यांपुढं पाहिली. आणि तुझं नुसतं चुकलं."

ते निघून गेल्यावर इनायत म्हणाला, "शेठ, विचारू नको म्हणून तुम्हीच मना केलं होतं त्याला."

"मग तुलाही त्याच्याबरोबर जायचंय का?"

इनायतने मान खाली घातली. घरी चांदवडला त्याची आई जुलेखाबी त्याच्याच कमाईवर होती. त्याला दोष देऊ नका, मित्रांनो.

बहिरूला वाटले होते की चूक अंगावर घेतली म्हणजे जागा राहील. तो म्हणाला, "शेठ, मी त्यांच्या घरी जातो. पाय धरतो. वस्तरा नका देऊ हातात, झाडलोट करीन. पर पडवीचं..."

"मला कळतंय रे," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "मीपण उभ्यानेच कमावलंय हे सगळं. पण तो माणूस बाजारात सांगेल तसं गिऱ्हाईक वळतं. तू इथं दिसलास तर दुकान बसलं माझं. दिवाळी गावाकडं कर."

बहिरूने आपली हत्यारे धोकटीत ठेवली. पडवीत जाऊन तो थोडा वेळ थांबला. खुंटी काढून घेतल्याचा आवाज आला. जाताना त्याने इनायतला रामराम केला, शेठलाही केला.

तो सायखेड्याला पोचण्यापूर्वीच त्याची गोष्ट तिथे पोचली होती. नवसाबाई पुढल्या बुधवारी उंबऱ्याशी आली आणि तिने ती इनायतला सांगितली.

"मानसं दाढीला बसत्यात आन् आधी म्हनत्यात, बहिरू, आमचा बाप हाय बरं का, जित्ता हाय. पारावरची सगळी हसत्यात. ह्यांचे भाऊबी हसत्यात. पहिले दोन दिस हेबी हसले त्यांच्यासंगं. आता धोकटीला हात लावत नाय."

"वहिनी, मी शेठला सांगून बघतो पुन्हा."

"नका सांगू. तुमचंबी जाईल." तिने भाकरीचे गाठोडे आत सरकवले. "तुमच्यासाठी आनलीय. सवय झालीय ना दोन मानसांची बांधायची."

बहिरू गावात फार दिवस राहिला नाही. तो नाशिकला परत आला, पण रविवार कारंज्याकडे फिरकला नाही. गोदेच्या घाटावर सुतकातल्या लोकांचे क्षौर करणाऱ्यांचे हक्क पिढीजात असतात, तिथे उपऱ्याला कोणी जागा देत नाही. अखेर एका म्हाताऱ्या न्हाव्याला दिसेनासे झाले होते. त्याने आपल्या जागेवर बहिरूला हाताखाली बसवून घेतले. मिळकतीचा मोठा वाटा म्हाताऱ्याचा. राहायला जागा नाही. तो एका धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी टाकतो आणि नवसाबाई सायखेड्यालाच आहे.

इनायत एकदा त्याला भेटून आला. शेठनी गल्ल्यावरूनच विचारले, "बहिरू दिसला म्हणे तुला. कसा आहे?"

"पायाची सूज उतरली, शेठ. जखम भरतेय. तिथं बसून काम आहे ना."

"मग बरंच झालं की."

"हो. मी पण तेच म्हटलं त्याला." इनायत वस्तरा पुसत होता, त्याचा हात थांबला. "तो म्हणाला, चाचा, इथं कोणाला काय इचारायला लागत नाय. सगळ्यांचे गेलेलेच असत्यात."

 त्या दिवशी शेठनी इनायतला दुपारच्या भाकरीपुरते आपले स्टूल दिले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गल्ल्यापाशी होते.

पुढे माझा आस अडकला, नवी खुर्ची आली आणि मला इथे ठेवण्यात आले. भिंतीत खुंटीचे भोक तेवढे राहिले आहे. नवा कारागीरही आला आहे. तो कळवणकडचा आहे असे ऐकते. इथूनही त्याचे पाय बदलणे मला ऐकू येते.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारख्या एखाद्या खुर्चीत बसाल. समोरच्या आरशात तुम्हाला तुमचा चेहरा दिसेल आणि त्याच्या वर आणखी एक चेहरा दिसेल. त्याच्याकडेही पाहा. तो कोणत्या गावचा, सकाळपासून किती वेळ उभा आहे, हे त्याला विचारा. आणि त्याने वस्तरा थांबवून तुम्हाला काही विचारले, प्रश्न तुम्हाला कितीही वेडगळ वाटला तरी, रागावून उठू नका. त्याला उत्तर द्या.